पाठ फिरवून जुळवलेल्या तारा

मास्तर गिटार जुळवायला घेत तेव्हा आमच्याकडे पाठ करत. शिकवताना तोंड समोर, वाजवताना समोर, शिव्या देताना तर अगदीच समोर. पण चाव्यांना हात घालायची वेळ आली की खाटेवरच वळायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. आम्हाला दिसायची ती घामेजलेली बंडी आणि तिच्या खांद्यावरून वर आलेलं गिटारचं डोकं. त्या डोक्यालाही ओला दुपट्टा गुंडाळलेला. नागपूरच्या उन्हात आम्ही सगळेच डोक्याला दुपट्टा बांधतो, पण वाद्याच्या डोक्याला बांधणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

"ऊन लागते तिले," ते सांगायचे. "तार उतरते."

तार किती उतरली, कोणती चावी किती फिरली, हे मात्र कुणाला दिसायचं नाही. मला हे पहिल्या दिवसापासून खटकलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील गिरणीत होते. आमच्याकडे तांदळाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो' ह्या दोन शब्दांनी. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी समजलं. जगात उघड बोलणारी माणसं असतात आणि लपवणारी असतात, आणि जो लपवतो तो कुणाचा तरी माणूस असतो, हे मला तेव्हा पटलेलं होतं. आजही बऱ्यापैकी पटतं.

मास्तरांची खोली गड्डीगोदामात, एका सायकलच्या दुकानामागे होती. एका बाजूला दुकानाची भिंत, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा दवाखाना. मधल्या बोळात दवाखान्याचा कूलर बाहेर आलेला होता. दुपारी डॉक्टर जेवून आले की कूलर सुरू व्हायचा, आणि मास्तर शिकवता शिकवता थांबायचे. "थांबा बाप्पा. आला डॉक्टर." मग खिडकी लावून घ्यायचे. खोलीची भट्टी व्हायची, पण खिडकी बंदच. त्यांना म्हणे तो आवाज कानात सुईसारखा लागायचा.

मूळचे ते खाप्याचे. बाप मागावर बसायचा. ताणलेल्या सुतावरून अंगठा फिरवून कुठे ढिलं पडलंय ते सांगायचं काम लहानपणी त्यांच्याकडे होतं, असं ते सांगत. खरं असेल. पुढे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, सर्कशीच्या बँडबरोबर काही महिने फिरले, आणि मग इथे येऊन बसले. बायकामुलांबद्दल कधी बोलले नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "तू गिटार शिकायले आली का सोयरीक जुळवायले?"

त्यांची सगळ्यात विचित्र सवय वेगळीच होती. वाजवून झालं की ते सहाच्या सहा तारा ढिल्या करून टाकायचे. आपल्या गिटारच्या तर करायचेच, पण क्लास संपला की आमच्याही. दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या गिटारच्या चाव्या फिरवून द्यायचे.

"घरी जाऊन जुळव. जुळली तर उद्या ये. नाही जुळली तर कायले येतं?"

निम्मी पोरं ह्या दारातूनच कायमची गेली. माझ्याकडे तर स्वतःची गिटारही नव्हती. आमच्या कलापथकातला बबन गिटार वाजवायचा, त्याची मी मागून आणायची. बबनला कुणी शिकवलेलं नव्हतं. कानाला बरं वाटेपर्यंत तो चाव्या फिरवायचा, झालं. मास्तर त्याला 'अंदाजपंचे' म्हणायचे, आणि बबन त्यांना 'सीआयडी'.

हा शब्द आधी गमतीचा होता.

मास्तरांचा खरा नाद म्हणजे दुसऱ्याच्या गिटारचं जुळणं शोधून काढणं. त्यांच्याकडे दोन चाकांचा टेप होता, जुना, झाकणाला सुतळी बांधलेला. रेडिओवर कुठल्यातरी परदेशी स्टेशनवर गिटार लागली की ते तिचं टेपिंग करायचे आणि मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा. टेपाला अर्ध्या वेगाचं बटण होतं. ते दाबलं की गाणारी बाई म्हशीसारखी हंबरायची, पण गिटारचे झरझर गेलेले सूर एकेक सुटे ऐकू यायचे. मास्तर डोळे मिटून बसायचे, तोंडात सुपारी.

"हे आयक. ह्या जाड्या तारेचा सूर. आपली जाडी तार इतकी खाली जाते का? नाही जात. म्हंजे त्यानं ढिली केली. आता हे आयक, हे दोन सूर संग वाजून राहिले. इतकं लांब बोट पोचते का? नाही पोचत. मंग? एक तर त्याले सहा बोटं असतीन, नाही तर तारा वेगळ्या जुळवल्या असतीन. सहा बोटाचे माणसं कमी रायते."

मग पाठ फिरायची. भिंतीकडे तोंड करून चाव्यांची करकर चालायची. आणि अचानक तेच सूर त्या बंडीच्या पलीकडून यायचे, अगदी टेपातल्यासारखे. ते समोर वळायचे ते हसतच. आम्ही विचारायचो, "कशी जुळवली, मास्तर?" तोवर उजव्या हाताने चाव्या उलट्या फिरायला लागलेल्या असायच्या.

"जो माणूस रेकॉर्ड काढते तो सांगते का, म्या अशी जुळवली म्हणून? मी काहून सांगू?"

मी एकदा भांडले. ज्ञान ही कुणाच्या बापाची इस्टेट नाही, ते सगळ्यांचं आहे, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बोलतं छान वं तू. छापून आण."

त्यांचं एक वाक्य मात्र ते सारखं म्हणायचे. "बोट खोटं बोलते. मोकळी तार खोटं नाही बोलत." म्हणजे असं की, बोट दाबून वाजवलेला सूर कोणत्याही तारेवर निघू शकतो, त्यावरून काही कळत नाही. पण एखादी तार बोट न लावता वाजली आणि घणघणत राहिली, तर ती कशी जुळवलीय ते तीच सांगते. म्हणून टेपात ते सतत मोकळ्या तारेची वाट बघत. शिकाऱ्यासारखे.

एकदा सदरला एका हॉटेलात बाहेरगावचा बँड आला होता. आत जायला सूट-बूट लागायचा. मास्तर स्वयंपाकघरामागच्या मोरीजवळ उभे राहून ऐकत होते. चौकीदाराने चोर म्हणून धरलं. "काय चोरून राहिला बे?" मास्तर म्हणाले, "पाचवी तार." चौकीदाराने दोन ठेवून दिल्या. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण मिळाली ना गा. अर्धा सूर खाली होती."

आणखी एक. ते भिवापुरी मिरचीचा ठेचा भाकरीला असा लावायचे की बघणाऱ्याला घाम फुटावा. म्हणायचे, "हा खाल्ला का कानात शिट्टी वाजते. बारीक तार त्याच्यावर जुळते." बबनने खरं मानून खाल्लं. तार जुळली नाही. दोन दिवस बबनच जुळला नाही.

हे सगळं मी हसत लिहितेय, पण त्या दिवसांत हसू फार टिकायचं नाही. आणीबाणी होती. आमचं कलापथक इंदोऱ्यात एका अंगणात, लिंबाच्या झाडाखाली तालमी करायचं. रमेश गाणी लिहायचा आणि गायचा. मी कोरसमध्ये, आणि पत्रकं लिहायला. त्या उन्हाळ्यात रमेशने एक गाणं लिहिलं होतं, त्यातल्या दुसऱ्या कडव्यात सरकारला उद्देशून एक ओळ होती. ती इथे देत नाही. ती ओळ त्याची आहे, आणि त्याने तिची किंमत दिलेली आहे.

मास्तर तालमीला यायला लागले ते त्याच उन्हाळ्यात. कुणी बोलावलं नव्हतं. झाडाच्या बुंध्याशी बसायचे, मांडीवर फुगलेली झोळी. गाणं सुरू झालं की डोळे मिटायचे. बबनने एकदा विचारलं, "मास्तर, झोळीत काय हाय?"

"शेंगदाणे."

"दाखवा ना."

"तुले भूक लागली का गा?"

दाखवली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पोलिसांनी रमेशला उचललं. बाकी कुणालाच नाही, फक्त त्याला. तो सुटला आणीबाणी उठल्यावर. अंगावरचं मांस गेलेलं, आवाज बसलेला. पहिल्याच संध्याकाळी त्याने आम्हाला झाडाखाली बसवलं आणि सांगितलं की आत त्याला आमचं गाणं ऐकवलं होतं. कागद वाचून नव्हे. टेपावर. त्याचाच आवाज, बबनची गिटार, आमचा कोरस. दुसऱ्या कडव्यापाशी टेप थांबवायचे आणि विचारायचे, ही ओळ कुणी लिहिली.

"आपलं टेपिंग कोणी केलं?" रमेशने विचारलं. "मले तेवढंच सांगा. बाकी मी कोणाले काही विचारत नाही."

उत्तर सगळ्यांच्या ओठावर होतं. वस्तीत तेव्हा टेप बाळगणारा माणूस एकच. तालमीला न बोलावता येणारा एकच. झोळी न दाखवणारा एकच. पाठ करून काम करणारा एकच. पोरं तिथूनच उठून गड्डीगोदामात जाणार होती. खोलीतलं सामान रस्त्यावर, टेप दगडाने, आणि मग हात. 'त्याचे हात' असं एक जण म्हणाला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

मी मधे पडले. मास्तरांवर माझा विश्वास होता म्हणून नव्हे. माझा संशय तर सगळ्यांत जुना होता. पण पुराव्याशिवाय माणसाला फितूर ठरवायचं, हे तर आमच्याशी नुकतंच सरकारने केलं होतं. मी म्हणाले, सत्कारापर्यंत थांबा.

सत्कार वकीलसाहेब करणार होते. साहेबांबद्दल सांगायला हवं. धंतोलीत बंगला, गिरणी कामगारांच्या केसेस फुकट लढवायचे, आमच्या पथकाला पेटी त्यांनीच घेऊन दिली होती. आता निवडणुकीला उभे राहणार होते आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांचा जाहीर सत्कार गिरणीमागच्या मैदानावर ठेवला होता. रमेशने ते गाणं तिथे गायचं असं ठरलं होतं.

आणि त्याच आठवड्यात ते गाणं वस्तीत वाजायला लागलं. नव्यानेच आलेल्या कॅसेटी हातोहात फिरत होत्या, 'बंदी घातलेलं गाणं' म्हणून. कुठून आल्या, कुणी वाटल्या, कुणाला धड सांगता येईना. लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानात रमेशने ती ऐकली आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी त्याने माझा हात धरला. तिथे एक खोकला होता. त्याचाच.

"हेच," तो म्हणाला. "आत हेच ऐकवलं. हा खोकला मी झोपेतही ओळखतो."

मी लाउडस्पीकरवाल्याकडून कॅसेट आणि तिचा टेप मागून घेतला आणि मास्तरांकडे गेले. माझा बेत साधा होता. काही न सांगता लावायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. स्वतःचं पाप कानावर पडलं की माणूस कुठेतरी हलतोच, अशी माझी समजूत.

मास्तर हलले. पण वेगळेच. पहिली ओळ संपली नाही तोच ते पुढे सरकले, कान टेपाला लावला आणि म्हणाले, "बबन्या वाजवून राहिला?"

"हो."

"खोटं. बबन्या असा नाही वाजवत." पुन्हा ऐकलं. "बबन्याच आहे. पण गिटार बबन्याची नाही जुळली. मांग घे."

मी मागे घेतली.

"हे पाह्य. दोन ओळीच्या मधात तो तबल्यावानी लाकडावर ठोकून राहिला. बोटं तारेवर नाहीत. तरी तारा घणघणून राहिल्या, अन् पुरा गोड सूर येऊन राहिला. मोकळ्या तारेतून! साध्या जुळवलेल्या गिटारीतून असा येते का? नाही येत. अंदाजपंच्यानं हे जुळवलं कसं?"

मी बबनला त्याच दिवशी विचारलं. तो डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "एका दिवशी गिटार आपोआपच वाजत होती गा. बोटं न लावताच. मले वाटलं, आपला हात बसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तं पुन्हा पहिल्यासारखी." कोणत्या दिवशी, ते त्याला आठवेना.

मास्तरांनी गाणं आपल्या दोन चाकांच्या टेपावर उतरवून घेतलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. ते शोधायचे, मी त्यांच्यावर पहारा. त्यांना ते ठाऊक होतं.

"तू शिकायले नाही येत वं," एकदा पाठमोरेच म्हणाले. "पाहायले येतं."

"तुम्ही तालमीला कशाला यायचे?"

करकर थांबली. "आयकायले."

"झोळीत काय असायचं?"

"शेंगदाणेच होते. तुमी लोकं दाखवल्यावर मागता, अन् मंग उरत नाही."

मी त्यांच्या मानेवरच्या घामाकडे बघत राहिले. हुशार माणसाचं उत्तर हास्यास्पद असतं, कारण हसण्यात विचारणारा पुढचा प्रश्न विसरतो. मी विसरले नाही. मला आणखी एक गोष्ट आठवत होती. त्या उन्हाळ्यात, रमेशला पकडलं त्याच्या आधी, हा टेप बरेच दिवस खोलीत नव्हता. 'दुरुस्तीले दिला' असं त्यांनी सांगितलं होतं. सुतळी मात्र तीच होती, गाठही तीच.

मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुमच्यात तंबोरा कोण वाजवते?"

"तंबोरा? आमच्याकडे पेटी आहे, ढोलकी आहे."

"मांग एक सूर आहे. सुरुवातीपासून चालू. एकच, जाडा. बबन्यानं सगळ्या तारा त्याच्याशी जुळवल्या. जाडी तार एक सूर खाली घेतली, पाचवी खाली, बारीक खाली. मधातल्या तीन तशाच. जी तार त्या सुराशी भांडे, तिले ढिली करत गेला बिचारा, भांडण मिटेपर्यंत. त्याले माहीतबी नसंन. अन् गिटार खाली गेली म्हणून रमेशही खाली गेला. इतक्या खाली त्याचा गळा जात नाही. म्हणून तो खोकला."

मी ऐकलं. आम्हाला इतके दिवस जी टेपाची घरघर वाटत होती, ती होती. एकसारखी.

"मंग तो दुसऱ्या कडव्यापाशी," मास्तर म्हणाले, "तंबोरा बंद होते. एकदम. हे पाह्य."

खरंच होत होता. पहिलं कडवं संपलं, रमेश खोकला, आणि घरघर थांबली. दुसरं कडवं स्वच्छ होतं. एकेक शब्द मोजून घ्यावा असं. ती ओळही.

मास्तरांनी त्यांची गिटार तशीच जुळवलेली खाटेवर आडवी ठेवली. माझ्या पिशवीतून एक पत्रक ओढलं, त्याचा नखाएवढा तुकडा फाडला, मधे दुमडला आणि पाचव्या तारेवर घोडेस्वारासारखा बसवला. मग खिडकी उघडली आणि सुपारी कातरत बसले.

"काय करताय?"

"डॉक्टरची वाट पाहून राहिलो."

डॉक्टर जेवून आले. बोळात कूलर घरघरला. खाटेवरच्या गिटारला कुणी हात लावला नव्हता, तरी कागदाचा तुकडा थरथरला, नाचल्यासारखा झाला आणि खाली पडला. खोलीभर एक बारीक गुणगुण भरून राहिली.

"नागपूरचे सगळे कूलर ह्याच सुरात," मास्तर म्हणाले. "बिजली एकच ना."

लिंबाच्या झाडाखाली कूलर नव्हता. आमच्यापैकी कुणाच्याही घरी नव्हता. त्या गाण्याच्या सगळ्या तालमी झाडाखाली झाल्या होत्या. एक सोडून. साहेबांनी आम्हाला धंतोलीला बोलावलं होतं. "मला एकदा ऐकवा. कायद्याच्या दृष्टीने बघून घेतो, उगाच अडचणीत याल." दिवाणखान्यात आम्ही कूलरसमोर बसलो होतो, हरखून. बबनने तिथेच गिटार जुळवली होती. आणि पहिलं कडवं झाल्यावर साहेब स्वतः उठले होते. "आवाजाने तुम्हाला त्रास होतोय." एवढ्या उन्हात त्यांनी आपल्या हाताने कूलर बंद केला होता. आम्ही परत येताना रस्ताभर तेच बोलत होतो. एवढा मोठा माणूस, आमचं गाणं नीट ऐकू यावं म्हणून घामात बसला.

मी उठले. "मास्तर, तुम्ही चला. झाडाखाली सगळ्यांसमोर सांगा."

"काय सांगू?"

"हेच. कुणी केलं ते."

"मी तारा कशा जुळवल्या ते सांगतो," ते म्हणाले आणि पाठ फिरवली. "माणूस नाही सांगत. ते तुमचं काम." चाव्यांची करकर सुरू झाली. तारा ढिल्या होऊ लागल्या.

मी एकटीनेच जाऊन सांगितलं. रमेशने शेवटपर्यंत ऐकलं. बाकीचे अर्धे रागावले, अर्धे हसले. "कूलरले कोर्टात उभं करतं का वं?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, स्वतःची मान सोडवायला मास्तरने रचलेली गोष्ट आहे ही. ते शक्य होतं. मीही तोच विचार करत आले होते. डॉक्टरांचा कूलर रोज त्याच वेळी लागायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? खिडकी लावून घेणारा माणूस त्या दिवशी खिडकी उघडून बसला होता.

बबन मात्र पांढरा पडला होता. "तिथंच," तो म्हणाला. "तिथंच ती आपोआप वाजली होती."

सत्काराला जायचं की नाही यावर बराच वाद झाला. रमेश म्हणाला, "जाऊ. नाही गेलो तं साहेब म्हणतीन, पोरं घमेंडखोर झाली. मले त्याच्या तोंडाकडे एकदा पाहायचं आहे."

मैदान भरलं होतं. गिरणीची पाळी सुटून लोक थेट आले होते. साहेबांनी रमेशला हार घातला, मिठी मारली, माइकवर डोळे पुसले. मग म्हणाले, "आता ते गाणं. ज्या गाण्यासाठी ह्या वाघाने तुरुंग भोगला, ते गाणं!" टाळ्या. बबन खाली मान घालून चाव्या फिरवत होता. तार चढवायचा, उतरवायचा. लोक चुळबुळायला लागले.

तेवढ्यात गर्दीतून, पार मागून, एक आवाज आला. मी तो कुठेही ओळखला असता.

"अबे बबन्या! तुले कूलरबिगर सूर लागते का? साहेबाले सांग ना, कूलर लावा म्हणा!"

मैदान खदखदून हसलं. उकाड्याने सगळे हैराण होते, त्यांना विनोद पटला. कुणीतरी ओरडलं, "आमालेबी लावा गा एक!" पुन्हा हशा. रमेश हसला नाही. तो माइकशी गेला आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "साहेब, त्या दिवशी दुसऱ्या कडव्याच्या आधी तुमच्या दिवाणखान्यातला कूलर तुमीच बंद केला होता ना? मले आत टेपावर आयकू आलं. लय साफ आलं."

हशा पुढच्या रांगांत आधी थांबला, मग मागे मागे विरत गेला. साहेब म्हणाले, "कोणता कूलर?" ज्याला काही ठाऊक नाही तो माणूस असं म्हणताना बोलणाऱ्याकडे बघतो. साहेबांनी रमेशकडे बघितलं नाही. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली, मागे, जिथून तो आवाज आला होता तिथे. मास्तर एका सायकलच्या कॅरिअरवर चढून उभे होते, डोक्याला दुपट्टा. त्या नजरेत राग नव्हता. ठरलेलं बोलणं मोडणाऱ्याकडे माणूस बघतो, तशी होती ती नजर.

आम्ही न गाता उतरलो. रमेशने हार काढून खुर्चीवर ठेवला. लोक आमच्या मागून निघाले, सगळे नाहीत, पण पुष्कळ. मास्तरांच्या खोलीकडे त्या दिवशी कुणी गेलं नाही, नंतरही नाही. पोरं त्यांना चहा पाजायला लागली. बबनने 'सीआयडी' म्हणणं सोडलं. माझ्याशिवाय सगळ्यांचं समाधान झालं.

कारण सत्काराच्याच संध्याकाळी सामान घरी नेताना बबन मला म्हणाला होता, "मास्तरचं डोकं पाह्य ना. साहेबाचा कूलर तं त्याले पाठच असंन. मागच्या साली त्याच्या पोरीले शिकवायले जात होते ना ते."

हे मला माहीत नव्हतं. मागच्या साली. टेप दुरुस्तीला गेला होता तेव्हा. सुतळीची गाठ न सोडता दुरुस्त झालेला टेप.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मास्तर एकटेच होते. मी बसले नाही.

"साहेबांच्या बंगल्यावर तुम्ही शिकवायला जायचे?"

"जात होतो."

"टेप कुठे होता तेव्हा?"

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "पोरीच्या रियाजाले मांगितला होता त्यानं. दिला."

"आणि तुम्हाला कधी कळलं? कॅसेट ऐकल्यावर की आधीच? तुम्ही तालमीला कशाला यायला लागले, मास्तर? ऐकायला, की राखायला? की दुसऱ्या कुणासाठी ऐकायला?"

मला वाटलं, आता पाठ फिरेल. मी त्याची वाटच बघत होते. पाठ फिरली की माझं उत्तर मला मिळणार होतं. पण बोळात कूलर सुरू झाला आणि मास्तरांनी खिडकी लावली नाही. गिटार उचलली, तिच्या डोक्याचा ओला दुपट्टा सोडून खाटेवर टाकला, आणि माझ्याकडे तोंड करून बसले. मग पहिल्यांदाच, माझ्यासमोर, त्यांनी एकेक चावी फिरवली. जाडी तार खाली. पाचवी खाली. बारीक खाली. इतकं सावकाश, की कुणालाही शिकता यावं. शेवटी हात उचलला आणि बोट न लावता सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. तारा कूलरच्या घरघरीत विरघळल्यासारख्या वाजत राहिल्या. त्यांनी त्या ढिल्या केल्या नाहीत. गिटार तशीच माझ्या हातात दिली.

ते माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पत्रकांवर वाचायला शिकलेली मी, त्या चेहऱ्यावरचं एक अक्षर मला लागलं नाही.